वहिनींच्या बोटांचे ठसे

मशीनच्या काचेवर वहिनींनी उजव्या हाताची चार बोटं टेकवली. व्हिसा केंद्राच्या खिडकीमागच्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "परत ठेवा. जरा दाबून."

वहिनींनी दाबून ठेवली. मग ओल्या फडक्याला पुसून ठेवली, मग कोरडी करून ठेवली. शेवटी बाई उठून आमच्या बाजूला आल्या आणि वहिनींचं एकेक बोट स्वतःच्या हाताने धरून काचेवर दाबायला लागल्या. पडद्यावर नुसते राखाडी डाग उमटत होते. माणसाच्या बोटावर रेघा असतात, वळणं असतात. इथे सगळं सपाट होतं.

"काम काय करता तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"पाय बनवते," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कृत्रिम पाय. खरंच बनवतात."

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. रीतसर शिक्षण घेऊन त्या या कामात आल्या आणि वीसेक वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. पाय कापला गेला की उरलेल्या भागाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, प्लास्टर घट्ट होईपर्यंत तो भाग हातांनी योग्य जागी दाबून धरायचा, मग त्या साच्यावरून पाय बसवायचा पेला तयार करायचा. त्याला सॉकेट म्हणतात. सॉकेट नीट बसला तर माणूस चालतो, नाहीतर नवा पाय कपाटामागे उभा राहतो. साचा काढल्यावर तो कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचा असतो. ते काम वहिनी उघड्या बोटांनीच करत. हातमोजा घातला की खाचखळगा कळत नाही म्हणायच्या. त्या घासण्यात साच्याबरोबर बोटंही घासली गेली होती, एवढंच.

कंपनी काढायची कल्पना त्यांचीच. एकदा जेवताना त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, माझे हात कुठे किती दाबतात ते मला सांगता येत नाही. तुमच्या त्या कॉम्प्युटरला कळेल का?" मी तेव्हा नोकरी करत होतो आणि नोकरीला कंटाळलो होतो. आम्ही एक पातळ हातमोजा तयार केला. साचा घेताना तो घालायचा. बोटांचा दाब कुठे किती पडला त्याची नोंद होते आणि त्यावरून सॉकेटचा आकार मशीन कापून देतं. साच्याच्या तीन-तीन खेपा वाचायला लागल्या. परदेशातल्या एका दवाखान्याने हे पाहिलं, तिथल्या गुंतवणूकदाराने पैसे घातले, कंपनीची नोंदणी तिथेच झाली. आता वहिनींनी तिथे जाऊन काम उभं करायचं होतं.

त्या देशात बाहेरून येऊन नवा उद्योग काढणाऱ्यांसाठी एक सोय आहे. तो साधा व्हिसा नव्हे, कायम राहणं तर नव्हेच. काही वर्षांपुरती येऊ देण्याची मुभा, तीही त्यांच्या मर्जीवर. कंपनीत तुमचा पुरेसा वाटा हवा, पैसे घालणारा खरा हवा, आणि कंपनी चालवण्यात तुमचा हात हवा. यातलं शेवटचं कलम आम्हाला सगळ्यात सोपं वाटलं होतं.

ठशांचं उत्तर आलं: वापरण्याजोगे नाहीत, आणखी एकदा बोलावू. आमच्या वकीलबाई त्याच देशात राहतात, पण घरी मराठी बोलतात. त्यांनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. वहिनी, दादा आणि मी असे तिघे एका सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसलो.

"स्पष्ट बोलते," वकीलबाई म्हणाल्या. "ठसे दुसऱ्यांदाही आले नाहीत तर प्रकरण लांबेल. लांबलं की गुंतवणूकदार कुरकुरायला लागतात. त्यापेक्षा अर्ज भाऊजींच्या नावाने करू. त्यांचाही वाटा आहे, सॉफ्टवेअर त्यांचं आहे, आणि त्यांची बोटं मऊ आहेत."

दादा हसला. मी हसलो नाही, कारण ते ऐकून मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. मला जायचं होतं. नवं शहर, कंपनीच्या दारावर आपलं नाव, हे सगळं डोळ्यांसमोर येऊन गेलं. वहिनींनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना ते बरोबर कळलं.

"भाऊजी, तुम्हाला जायचं असेल तर तसं सांगा," त्या म्हणाल्या. "मी रागावणार नाही. पण तिकडे गेल्यावर पहिल्या दिवशी कुणीतरी समोर खुर्चीत बसेल आणि पाय पुढे करेल. तुम्ही काय कराल?"

मी काय करणार होतो? "नाही जमणार," मी म्हणालो.

"मग अर्ज माझ्याच नावाने राहील." त्या वकीलबाईंकडे वळल्या. "याच हातांवर कंपनी उभी आहे. त्यावर रेघा नाहीत म्हणून मी मागे सरायचं, हे मला पटत नाही. पुढे काय करायचं ते सांगा."

वकीलबाईंनी सुस्कारा सोडला. मला वाटतं त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. कातडी पुन्हा भरते, रेघा थोड्याफार परत येतात. दुसरी गोष्ट त्यांनी जरा जपून सांगितली. "अर्जात एक कच्ची जागा आहे. अधिकारी विचारतील, हातमोजा पोस्टाने येतो, सॉफ्टवेअर तारेवरून येतं, मग या बाईच कशाला हव्यात? त्याचं उत्तर आपल्याकडे कागदावर नाही."

"उत्तर आहे की," दादा म्हणाला. "तिच्याशिवाय कुणाला जमत नाही."

"तेच तर अडचणीचं आहे. एकाच बाईला जमतं, तर त्यांच्या दृष्टीने ती कंपनी नाही. ती एक हुशार बाई आहे."

त्वचेच्या डॉक्टरांनी बोटं भिंगाखाली धरली आणि विचारलं, "हे हात कधी सुट्टीवर गेले होते का?" दीड महिना प्लास्टर नाही, कानस नाही, भांडी नाहीत, कपडे नाहीत. आमचा तो नोंदीचा हातमोजासुद्धा नाही, त्यात घामाने कातडी सोलते म्हणे. दिवसातून चार वेळा मलम आणि वर हातांना पातळ सुती मोजे.

घरची भांडी दादाकडे आली. तो पाणीपुरवठा खात्यात आहे, शहराला पाणी देणाऱ्या माणसाला घरच्या नळाखाली उभं राहणं काही अवघड नव्हतं, पण तोंड वाकडं करून तो म्हणायचाच, "लग्न ठरवताना भांड्यांचा विषय निघाला नव्हता." वहिनी पांढरे मोजे घालून खुर्चीत बसायच्या आणि टेबलावर बोटं वाजवायच्या. मग आठवण झाली की थांबवायच्या. हात रिकामे ठेवणं त्यांना कामापेक्षा जड जात होतं.

वहिनींच्या कार्यशाळेत आणखी दोघे होते. एक प्लास्टिक तापवून ओढायचा, दुसरा पायाची जोडणी करायचा. दोघे आपल्या कामात पक्के, पण साचा घेणं दोघांनाही येत नव्हतं. वहिनींनी कधी शिकवलंच नव्हतं. शिकवण्यासारखं त्यात काही नाही, ते हातात असावं लागतं, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी दीड महिना नवे साचे बंद ठेवायचे ठरवले.

ते ठरवून आठवडा झाला नाही तोच कंडक्टरबाई आल्या. बसच्या कंडक्टर. गुडघ्याखाली त्यांचा एक पाय गेला होता आणि वहिनींनीच त्यांना नवा बसवला होता. उरलेला पाय पहिल्या वर्षात बारीक होतो. आता सॉकेट ढिला झाला होता आणि त्या एकावर एक मोजे चढवून तो भरत होत्या. डेपोने त्यांना परत कामावर घ्यायचं ठरवलं होतं, पण आधी चालून दाखवायचं होतं.

"ताई, तारीख पडलीय," त्या म्हणाल्या. "या सॉकेटमध्ये मी दारापर्यंत जाते आणि तो मागे राहतो."

वहिनी स्वतःच्या मोज्यांकडे बघत राहिल्या. मला खात्री होती की त्या आता मोजे काढणार, प्लास्टर भिजवणार, आणि आमचा अर्ज गटारात जाणार. त्या उभ्याही राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही घ्या साचा."

"मी?"

"हातमोजा माझ्या मापाचा आहे. इथे सगळ्यात लहान पंजा तुमचाच."

जोडणीवाला आणि प्लास्टिकवाला या मुद्द्यावर लगेच सहमत झाले.

मी हातमोजा चढवला. कंडक्टरबाई खुर्चीत बसल्या, पाय पुढे केला. वहिनी माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या, हात पाठीमागे बांधून. मी पट्ट्या भिजवल्या, गुंडाळल्या, आणि अंगठे गुडघ्याच्या वाटीखाली ठेवले. इतपत मी पाहिलेलं होतं.

"दाबा," वहिनी म्हणाल्या.

"किती?"

"लागेल तितकं."

"वहिनी, हे काय उत्तर झालं?"

मी दाबलं, जास्त दाबलं, घाबरून सोडलं, परत दाबलं. तोवर प्लास्टर घट्ट झालं. काढून पाहिलं तर साच्यावर माझ्या अंगठ्यांची चार-चार भोकं.

"साहेब, पाय आहे तो," कंडक्टरबाई म्हणाल्या. "टायपिंग नका करू."

दुसऱ्या साच्यावरून सॉकेट कापून झाला. दिसायला छान होता. कंडक्टरबाई त्यात पाय घालून उभ्या राहिल्या आणि लगेच खाली बसल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही, फक्त पायाच्या बाहेरच्या बाजूच्या हाडावर बोट ठेवलं. "इथे सुई टोचतेय." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला मान वर करून बघवेना.

वहिनींचा हात त्या हाडाकडे गेला. "ताई, हात मागे," कंडक्टरबाईच म्हणाल्या. सगळ्या शहराला आत सरका म्हणायची सवय. आवाजात तोच हुकूम होता. वहिनींनी हात मागे घेतला.

मग त्यांनी डोळे मिटले आणि हवेतच दोन्ही हात असे धरले की मध्ये जणू पाय आहे. अंगठे पुढे, बाकीची बोटं मागे. जोडणीवाल्याने पंखा बंद केला, का कोण जाणे.

"भाऊजी, ऐका," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "मागची बोटं, झोपलेल्या बाळाची मान धरतो तशी. धरायची, आवळायची नाही. पुढचे अंगठे दाराची बेल दाबतो तसे. दार उघडेपर्यंत सोडायचं नाही आणि दुसऱ्यांदा दाबायचं नाही. बाहेरचं ते हाड आहे ना, त्याच्याकडे लक्षच द्यायचं नाही. लग्नात नको असलेला पाहुणा समोर आला की आपण कसे बाजूने जातो, तसं बाजूने जायचं."

"असले पाहुणे आमच्याकडे भरपूर आहेत," कंडक्टरबाई म्हणाल्या.

तिसऱ्या वेळी मी बाळाची मान धरली, बेल दाबली, आणि हाडाच्या बाजूने निघून गेलो. प्लास्टर माझ्या हाताखाली गरम होत गेलं, मग थंड. वहिनी म्हणाल्या, "आता सोडा."

तो सॉकेट बसला. कंडक्टरबाई कार्यशाळेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, मग काही न सांगता जिन्याकडे वळल्या. त्या वर चढून खाली येईपर्यंत आम्ही चौघे माना वर करून उभे. खाली आल्यावर त्या म्हणाल्या, "ताईंच्या हाताचा जरा बरा होता. पण हा चालेल." पुढे डेपोने त्यांना घेतलं.

त्या संध्याकाळी मी माझ्या साच्यांची नोंद आणि वहिनींची जुनी नोंद पडद्यावर शेजारी शेजारी लावली. दाब जिथे जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा. माझा पहिला साचा म्हणजे गोवर आल्यासारखा. तिसरा मात्र वहिनींच्या नोंदीचा धाकटा भाऊ वाटत होता. जोडणीवाला मागून म्हणाला, "मी करून बघू?" त्याने हातमोजा ओढूनताणून चढवला आणि प्लास्टिकवाल्याच्या धडधाकट पायावर साचा घेतला. वहिनींनी तीच वाक्यं त्याला सांगितली. त्याचा दुसराच साचा माझ्या तिसऱ्यापेक्षा चांगला निघाला.

वहिनी पडद्यासमोरून हलल्या नाहीत. "म्हणजे शिकवता येतं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने परत म्हणाल्या, "इतकी वर्षं मी समजत होते की नाही येत."

त्या दिवसापासून मोजे घातलेल्या बाई स्टुलावर बसून शिकवायला लागल्या. कुठल्या वाक्याने कुणाचा हात सुधारला ते मी पडद्यावर दाखवायचो आणि त्या वाक्य बदलायच्या. वकीलबाईंना आम्ही त्या सगळ्या नोंदी पाठवल्या. त्यांचा फोन आला. "हेच हवं होतं मला. आता ही कंपनी दिसतेय."

एवढं झाल्यावर ठसेही आले असते तर आणखी काय हवं होतं. दीड महिन्याने आम्ही पुन्हा त्या खिडकीपाशी गेलो. वहिनींची बोटं गुलाबी झाली होती, जवळून पाहिलं तर रेघाही दिसत होत्या. दोन्ही अंगठे उमटले, डाव्या हाताची दोन बोटं उमटली. बाकीची नाहीत. खिडकीमागच्या बाईंनाच आमच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. मशीनला सगळी हवी होती.

परतताना वहिनी बसमध्ये खिडकीबाहेर बघत होत्या. मी समजूत घालायला काही बोलणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "दोनदा नाही आले तर काय करायचं, ते वकीलबाई बोलल्या होत्या ना?"

"पोलिसांचं प्रमाणपत्र. गेल्या पाच वर्षांत जिथे राहिलात तिथलं. आणि मग मुलाखत."

"मग उद्या पोलिसांकडे."

पोलीस कचेरीत एका टेबलामागे हवालदार बसले होते. मोठ्या मिशा, शांत स्वभाव. त्यांनी अर्ज वाचला, शिक्का उचलला आणि म्हणाले, "आत जाऊन बोटांचे ठसे देऊन या."

वहिनींनी सगळं सांगितलं. हवालदारांनी ऐकून घेतलं. "म्हणजे ठसे नाहीत म्हणून तुम्हाला प्रमाणपत्र हवंय," ते म्हणाले, "आणि प्रमाणपत्राला ठसे लागतात."

"हो."

"मग अवघड आहे, बाई."

"अवघड आहे ते मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "त्यासाठीच आलेय. सोपं असतं तर भाऊजींना पाठवलं असतं."

हवालदारांनी शिक्का खाली ठेवला. वहिनी समोरच्या बाकावर बसल्या. लोक आले, गेले. दुपारी हवालदारांनी चहा मागवला आणि एक कप त्यांच्याकडेही सरकवला. त्या तरीही बसूनच. शेवटी ते स्वतः उठून आत साहेबांकडे गेले. साहेबांनी विचारलं, ठसे नसतील तर आपण माणूस ओळखतो कसा? हवालदार म्हणाले, पूर्वी ओळखायचो तसा: शेजाऱ्यांना विचारून. हे त्यांनीच आम्हाला बाहेर येऊन सांगितलं, जरा अभिमानाने.

मग एक पोलीस घरी आला. शेजारच्या काकूंनी त्याला बसवून घेतलं आणि वहिनींच्या सगळ्या संसाराची माहिती दिली, दादाच्या भांड्यांसकट. चौकशीचा कागद झाला, त्वचेच्या डॉक्टरांचा दाखला झाला, आणि ठसे घेता येत नाहीत असं पोलिसांनी लेखी दिलं. वहिनींनी मध्ये वर्षभर दुसऱ्या गावच्या रुग्णालयात काम केलं होतं. तिथेही तेच सगळं पहिल्यापासून. तिथला हवालदार इतका शांत नव्हता. तिथे दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही वेळा वहिनी सकाळी एकट्या गेल्या आणि दुसऱ्या वेळी कागद घेऊनच आल्या.

मुलाखत त्या देशाच्या वकिलातीत होती, तिथे मला आत सोडलं नाही. मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होतो. आत काय झालं ते त्यांनी नंतर फाटकाबाहेर येऊन सांगितलं, जसंच्या तसं.

अधिकारी मध्यमवयाचे होते, सगळे कागद वाचून आले होते. त्यांनी विचारलं, "हातमोजा आहे, सॉफ्टवेअर आहे. तुम्हीच यायला कशाला हवं?"

वहिनी म्हणाल्या, "हातमोजा चुकलं कुठे ते सांगतो. बरोबर कसं करायचं ते माणसाला माणूसच सांगतो. आधी मी काही जणांना शिकवेन, मग ते पुढच्यांना शिकवतील. त्यांना पगार आमची कंपनी देईल."

"आणि ते सगळे तयार झाले की तुमचं काम संपलं?"

"संपलं की परत येईन. तात्पुरतीच परवानगी मागतेय मी."

अधिकारी हसले नाहीत, पण त्यांनी काहीतरी लिहिलं. वहिनींना उलटं वाचता आलं नाही. येत असतं तरी वाचलं नसतं, असं त्या म्हणाल्या. त्यावर माझा विश्वास नाही.

मंजुरी आली तेव्हा त्या नेमक्या जोडणीवाल्यावर वैतागल्या होत्या. मी कागद पुढे धरला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, खुर्चीत बसल्या आणि चष्मा काढून डोळे पुसले. अडीच वर्षं. पुढची परवानगी कंपनी कशी चालते त्यावर. दादाला नवरा म्हणून सोबत जाता येत होतं. त्याने बिनपगारी रजा टाकली आणि म्हणाला, तिकडच्या नळाखालीही कुणीतरी लागेलच. इथली कार्यशाळा मी बघायची ठरलं. जायची इच्छा माझी अजूनही मेलेली नाही, आणि ते मी वहिनींना सांगितलंही. "कंपनी वाढवा," त्या म्हणाल्या, "मग तुमच्या नावाचाही अर्ज करू."

तिकडच्या विमानतळावर त्यांना बाजूच्या खोलीत बसवून ठेवलं होतं, पण कागद पुरेसे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"भाऊजी, दवाखान्याने कार्यशाळेला जी जागा दिलीय, तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा आहे. जाड, पांढरा."

"प्लास्टरच्या कामाला गालिचा?"

"आणि नळ नाही. नळ बाहेरच्या व्हरांड्यात."

"मग आता?"

मागून काहीतरी जोरात ओढल्याचा आवाज आला आणि दादाचं धापा टाकणं.

"परवानगी घेतलीय त्यांची," वहिनी म्हणाल्या. "गालिचा काढतोय. नळ तुमचा दादा उद्या आत आणतोय. परवापासून शिकायला दोघी येणार आहेत. ठेवते आता, कोपरा धरायला मला बोलावतोय."